स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग: ॲल्युमिनाची पावडर घट्ट होते तरी कशी?

स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग म्हणजे दाब आणि विजेच्या प्रवाहाची उष्णता एकत्र वापरून पावडर न वितळवता घट्ट करणं. हा ग्रॅफाइटचा डाय, म्हणजे पावडर भरायचा पोकळ साचा, बघा. आतला व्यास 20 मिमी. यात सव्वासहा ग्रॅम ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) भरली, तर पूर्ण घट्ट झाल्यावर साधारण 5 मिमी जाडीची चकती मिळते. वरखाली पंच, म्हणजे पावडर दाबणारे दट्टे, मध्ये 0.2 मिमीचा ग्रॅफाइट कागद. कागद नीट कापा. फाटला तर चकती डायला चिकटते, शिवाय संपर्क बिघडून एक बाजू जास्त तापते.

आता करंट. हजारभर अँपिअर किंवा त्याहून जास्त, व्होल्टेज मात्र दहाच्या आत. पण ॲल्युमिना विद्युतरोधक, त्यामुळे करंट तिच्यातून जवळपास जातच नाही. तो पंचांतून डायच्या भिंतीत शिरतो, ग्रॅफाइट तापतं आणि त्याची धग पावडरीला लागते. तेव्हा नावात ‘स्पार्क’ असला तरी ठिणग्याबिणग्या डोक्यातून काढा.

50 मेगापास्कल दाबासाठी या पंचावर 15.7 किलोन्यूटन बल लागतं. थंड असताना कण फक्त सरकून जागा घेतात. खरी गंमत पुढे. मायक्रॉनहून बारीक पावडर साधारण 1000 अंश सेल्सिअसला आक्रसायला लागते: कणांच्या सांध्यांवर ताण असतो, तिथले अणू कणसीमेवरून (दोन कण भिडतात त्या सीमेवरून) पोकळ्यांकडे सरकतात आणि कणांची केंद्रं जवळ येतात. मिनिटाला 100 अंश वेगाने गेलात, तर कण फुगायला वेळच कमी मिळतो.

घनता नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली की उरलेली छिद्रं एकमेकांपासून तुटतात. इथेच लोक घाई करून तापमान वाढवतात. मग कणसीमा छिद्रांना मागे टाकून पुढे निघून जाते, छिद्र कणाच्या पोटात अडकतं आणि तिथून ते सहजी निघत नाही.

म्हणून पंचाच्या सरकण्याच्या आलेखावर डोळा ठेवा. पण त्यात ग्रॅफाइटचं प्रसरणही मिसळलेलं असतं. तीच घट्ट चकती आत ठेवून, तेवढंच बल आणि तोच तापमानक्रम पुन्हा चालवा आणि तो आलेख वजा करा. उरलेली रेषा सपाट झाली की आक्रसणं संपलं. त्यापुढे तापवून धरलंत तर मुख्यतः कणच मोठे होतील.

पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारं उपकरण) डायच्या बाहेरच्या पृष्ठावर रोखला असेल, तर आतलं तापमान काही दहा अंशांनी जास्त असू शकतं. डायभोवती ग्रॅफाइट फेल्ट (उष्णता रोखणारं नमद्यासारखं कापड) गुंडाळलं की हा फरक कमी होतो.

चकती करडी निघाली? बहुधा कार्बन शिरलाय किंवा ऑक्सिजन कमी झालाय. आधी चिकटलेला कागद घासून काढा, मग आर्किमिडीज पद्धतीने (हवेत आणि पाण्यात वजन करून) घनता मोजा, नाहीतर कागदाची हलकी घनता तुमच्या आकड्यात मिसळेल.