विश्वस्त म्हणून सही करण्यापूर्वी

मंडळी, समोर डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोन-तीन सीए दिसताहेत, बँकेतली आणि कारखान्यांतली माणसं आहेत. मुलांसाठी, तरुणांसाठी काम करणारी एखादी संस्था तुमच्याकडे आली असेल किंवा येईल. ते म्हणतात, "साहेब, आमच्या विश्वस्त मंडळावर या. तुम्हाला काही करावं लागणार नाही, नुसतं नाव असू द्या." तुम्ही भिडेखातर हो म्हणता. माझं आजचं सगळं बोलणं या "नुसतं नाव" देण्याच्या विरोधात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा लेटरहेडपुरता विश्वस्त आणि काम करणारा विश्वस्त असा भेद करत नाही. नाव नोंदलं की जबाबदारी आली. मग ती नीट का घेऊ नये?

आपल्याकडे या कामाची परंपरा मोठी आहे. वासुदेव बळवंत फडके आपल्याला बंडासाठी माहीत असतात. पण पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत असतानाच त्यांनी वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर मुलांच्या शिक्षणाची संस्था काढली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. कारकुनी सांभाळून माणसं हे करत होती.

आणि याच परंपरेत भांडणंही आहेत, ती लपवू नयेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. संस्थेत शिकवणाऱ्या आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर कमाई करावी की नाही, यावरून तिथे तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. इतक्या मोठ्या माणसांमध्ये, हेतूविषयी कोणालाच शंका नसताना, हा प्रश्न सुटला नाही. तेव्हा "आपल्यात असं काही होणार नाही" असं कोणी म्हणू लागलं, की मी म्हणते, आधी ते कागदावर लिहा. संस्थेचं बांधकाम विश्वस्ताच्या भावाला द्यायचं का? विश्वस्ताच्या दुकानातून वह्या घ्यायच्या का? कधी कधी त्याचाच दर सगळ्यांत कमी असतो, मान्य. तरीही तीन ठिकाणचे दर मागवावेत, नातं इतिवृत्तात नोंदवावं आणि निर्णयाच्या वेळी त्या विश्वस्ताने बाहेर बसावं.

सीए मंडळींना एक खास विनंती. संस्था तुम्हाला मंडळावर घेते तेव्हा तिच्या मनात बहुधा असतं की आता ऑडिट फुकटात होईल. तसं होऊ शकत नाही. ज्याचा संस्थेशी संबंध आहे त्याला तिचं ऑडिट करता येत नाही. वकिलांचंही थोड्या फरकाने तसंच. तुमचं कौशल्य फुकट वापरून घ्यायला संस्थेला मंडळाबाहेरही माणसं मिळतील. मंडळावर तुमची गरज आहे ती कागद वाचून प्रश्न विचारायला.

कुठले प्रश्न? कोषाध्यक्ष सांगतात, बँकेत आठ लाख शिल्लक आहेत. सगळे समाधानाने माना डोलावतात, चहा येतो. इथे एकाने तरी विचारायला हवं, "या आठ लाखांपैकी आपले किती?" कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नंतर गावोगावच्या संस्थांकडे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा येऊ लागला. हा पैसा ठरावीक कामासाठी असतो. समजा कंपनीने मुलींच्या कबड्डी प्रशिक्षणासाठी सहा लाख दिले. इकडे अभ्यासिकेचं भाडं थकलंय, ताईंचा पगार दोन महिने झालेला नाही. कबड्डीच्या पैशातून तात्पुरतं भागवू, मार्चमध्ये देणग्या आल्या की परत भरू, असा विचार येतो. विचार करणारा चोर नसतो, बहुतेक वेळा तो संस्थेतला सगळ्यांत तळमळीचा माणूस असतो. पण मार्चमध्ये देणग्या येत नाहीत. मग कंपनी खर्चाचा तपशील मागते आणि ज्या मुली रोज पहाटे मैदानावर येत होत्या त्यांचं प्रशिक्षण मध्येच थांबतं. दर बैठकीत बांधील रक्कम आणि मोकळी रक्कम वेगळी मांडून घेतली, तर यातलं बरंचसं टळतं. त्यासाठी सीए असावं लागत नाही, आकड्याला न घाबरणारा कोणीही चालतो.

आता जे बोलणार आहे ते बैठकीत कोणालाच आवडत नाही. संस्था मुलांबरोबर काम करते, म्हणजे शिबिरं आली, मुक्काम आले, रात्रीचे प्रवास आले. मुलांसोबत कोण जातं? त्याची चौकशी केली का? मुलीने तक्रार करायची तर कोणाकडे? पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे. अठराच्या आतल्या मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं कलम १९ ने बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "संस्थेची बदनामी होईल, आपण आतल्या आत मिटवू," हे वाक्य ज्या खोलीत उच्चारलं जाईल, त्या खोलीत डॉक्टर किंवा वकील असलेल्या विश्वस्ताने तिथल्या तिथे उभं राहिलं पाहिजे. मुलाच्या बाजूने बोलायला त्या टेबलाभोवती दुसरं कोणी नसतं.

खरं तर असायला हवं. ज्यांच्यासाठी संस्था आहे, ते मंडळावर का नसतात? पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून खेड्यांतून आलेल्या मुलामुलींची राहण्याजेवणाची सोय करते आहे. अच्युतराव आपट्यांनी ती सुरू केली आणि तिथे राहून शिकलेली मंडळीच आज तिच्या कामात आहेत. मेसमध्ये ताटात काय वाढलं जातं, फी भरायच्या आठवड्यात मुलगा कोणाला तोंड चुकवतो, हे त्यांना अहवालातून समजून घ्यावं लागत नाही. तुमच्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेली, पंचवीस-सव्वीस वर्षांची, आता नर्स किंवा फिटर किंवा शिक्षिका झालेली मुलगी मंडळावर घ्या. आम्ही व्यावसायिक म्हणतो तेव्हा तिलाही त्यात धरायला हवं.

त्यासाठी जागा लागते, आणि जागा कोणी सोडत नाही. संस्थेच्या घटनेत विश्वस्तांची मुदत तीन किंवा पाच वर्षांची असते, पण निवडणूक "सर्वानुमते" त्याच नावांची होते. दुसरीकडे, नवी माणसं घेतात आणि बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो, तो टाकायचा राहून जातो. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तो दिला नाही, तर दहा वर्षांपूर्वी वारलेल्या अध्यक्षांचं नाव परिशिष्टावर, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, तसंच राहतं. बँक सह्या बदलून देत नाही, कारण तिला परिशिष्टाचा उतारा हवा असतो. मग जुन्या विश्वस्तांच्या वारसांचे पत्ते शोधत फिरावं लागतं, मृत्यूचे दाखले, जुनी इतिवृत्तं गोळा करावी लागतात, आणि तोवर मुलांचं काम अडून राहतं. या सभागृहातल्या वकिलांनी आपापल्या ओळखीच्या एका संस्थेचं परिशिष्ट या महिन्यात काढून पाहावं, त्यावरची किती माणसं हयात आहेत ते मोजावं आणि राहिलेले अर्ज तिला भरून द्यावेत.