भर उन्हात लाईट गेली

नमस्कार श्रोतेहो. विषय घरच्या विजेच्या बिलाचा आहे, पण आधी शेजारच्या काकांचा किस्सा. तो सांगितल्याशिवाय मला पुढे सुचायचं नाही.

काकांनी गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं आणि गल्लीभर सांगत सुटले, "आता लाईट गेली की माझ्याकडे पंख्याखाली बसायला या." एका दुपारी, ऊन रणरणत असताना, गेली. आम्ही चौघं खरंच गेलो. बघतो तर काका दारात, बनियनवर, वर्तमानपत्राने वारा घेतायत. आत पंखा बंद. "पॅनेलवर धूळ असेल," म्हणत वर गेले, फडक्याने पुसून घामाघूम होऊन खाली आले. इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, त्याचा लाल दिवा जसाच्या तसा. आतून काकू म्हणाल्या, "ऊन कमी पडत असेल तर आरसा धरा!"

वायरमन आला, तो हसायलाच लागला. "काका, काही बिघडलेलं नाही. तिकडे खांबावर माणूस चढलाय. तुमची वीज उलटी तारेत शिरली तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाईन गेली की हा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो." हे पुस्तिकेत छापलेलं होतं. पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. पण मी म्हणतो, मुंगीएवढ्या अक्षरात छापायचं आणि वर लोक वाचत नाहीत म्हणायचं, हा कुठला न्याय? औषधाच्या बाटल्यांचंही तेच.

तर लक्षात ठेवा, लाईनला जोडलेलं साधं सोलर लाईट गेल्यावर चालत नाही. पुन्हा सांगतो, चालत नाही. ते बिल कमी करतं. लाईट गेल्यावरही हवी असेल तर बॅटरी आणि लाईन नसतानाही बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च वाढतो.

बिलाचा हिशेब सोपा. 1000 वॅट तासभर म्हणजे 1 युनिट. 2000 वॅटचा गीझर अर्ध्या तासात 1 युनिट खातो, 9 वॅटच्या एलईडीला तेवढ्यासाठी शंभरावर तास लागतात. म्हणून दिव्यांवरून पोरांना ओरडण्याआधी गीझरकडे बघा.

आणि सावली! पॅनेलमधले सेल, म्हणजे उन्हातून वीज करणारे छोटे चौकोन, एकामागे एक जोडलेले असतात, टाकीची सावली कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. ज्यांच्या छपरावर ऊनच नाही, त्यांनी चार घरं मिळून मोकळ्या जागेवर सोलर बसवायचा विचार करावा. नियम मात्र आधी विचारून घ्या.

काकांनी मागाहून बॅटरी घेतली, दोन पंखे आणि चार दिव्यांपुरती. आता लाईट गेली की ते बोलवायला येत नाहीत. आम्हीच जातो.