व्रोत्सवाफची जपानी बाग : दोन महिने आणि एक पूर

(सुरुवातीला दहा सेकंद फक्त पाण्याचा आवाज)

हे दोन धबधबे आहेत बरं का, एक नाही. हा उभ्या दगडांवरनं धाडकन कोसळतोय तो पुरुष, आणि ती पलीकडे पायरी पायरीने रमतगमत उतरतेय ती बाई. जपानी बागेत असंच म्हणतात, मी नाही नावं ठेवली. खाली येऊन दोघांचं पाणी एका तळ्यात मिसळतं. कॅमेरा घेऊन सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथेच बसलो, त्यामुळे पुढेही हेच जरा जास्त दिसणारे, सांभाळून घ्या.

हे जपान नाही, पोलंड. व्रोत्सवाफ शहर, श्चितनित्स्की पार्क.

आता बागेशेजारच्या सेंटेनियल हॉलचा हा घुमट बघा, शंभर वर्षांपूर्वीचं काँक्रीट, ६५ मीटर व्यास. माक्स बर्ग नावाच्या आर्किटेक्टचं काम, २००६ पासून युनेस्कोच्या यादीत. आत शूटिंग जमलं नाही, म्हणून बाहेरूनच. पण बागेची गोष्ट इथूनच सुरू होते. १९१३ साली हे शहर जर्मनीत होतं, नाव ब्रेस्लाउ, आणि नेपोलियनविरुद्धच्या लढायांना शंभर वर्षं झाली म्हणून इथे मोठं प्रदर्शन भरवलं होतं. हा हॉल त्याचसाठी बांधला आणि शेजारच्या पार्कात बागांचा विभाग केला. त्यात जपानी बाग हवी हे डोक्यात आलं फ्रिट्झ फॉन होखबर्ग या जहागीरदाराच्या, गडी पूर्वेकडे फिरून आलेला, जपानच्या प्रेमात पडलेला. हौस त्याची, पण हात कुणाचे? मानकिची अराई नावाच्या जपानी माळ्याचे. कुठेही वाचा, जहागीरदाराचं नाव आधी येतं आणि माळ्याचं मागून, म्हणून मी मुद्दाम इथे थांबलो.

प्रदर्शन संपलं, भाड्याने आणलेलं सामान परत गेलं. उरलं काय तर तळं, वाटा आणि झाडं. मग १९४५ नंतर शहरच पोलंडकडे आलं, जर्मन गेले आणि पूर्वेकडचा मुलूख गमावलेले कितीतरी पोलिश लोक इथे येऊन राहिले (कोल्हापूरकरांनो, दुसऱ्या महायुद्धात आपल्या वळिवडे निर्वासित कॅम्पात राहून गेलेले पोलिश लोक पण मूळचे बरेचसे त्याच पूर्वेकडच्या भागातले). इतक्या उलथापालथीत जपानी बागेकडे कोण बघणार, तरी झाडं वाढत राहिली, ऐंशी वर्षं.

(तळ्यावरचा छपराचा लाकडी पूल, हळूहळू जवळ)

१९९६-९७ मध्ये तिला परत उभं केलं. जपानहून इकुया निशिकावा हे प्राध्यापक आले, नागोयाचे माळी आले, पोलिश माळी त्यांच्या हाताखाली शिकले. आणि हे काम म्हणजे रोपं आणून खड्ड्यात लावली असं नसतं हो. आधी दगड. हा काठावरचा दगड बघा, जेवढा दिसतो त्याच्याखाली अजून आहे, जमिनीत असा गाडायचा की तो कायम इथेच होता असं वाटलं पाहिजे, वर नुसता ठेवला तर बघणाऱ्याला लगेच कळतं. मग पाणी कुठनं पडणार, पडताना आवाज कसा येणार, वाट कुठे वळवायची म्हणजे पुढचं दृश्य एकदम उघडेल, आणि एवढं सगळं झाल्यावर झाडं. पाइनची तर फांदी न् फांदी मोकळी करायची, मधून आभाळ दिसलं पाहिजे. नाव ठेवलं हाक्कोएन, म्हणजे पांढरी-लाल बाग, कारण दोन्ही देशांच्या झेंड्यात तेच दोन रंग.

मे १९९७ ला बाग उघडली. जुलैत शहरातल्या ओद्रा नदीला पूर आला.

(तळं, स्थिर पाणी)

तीन आठवडे बाग पाण्याखाली होती. पंचगंगेचा पूर बघितलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, वाहून जातं त्यापेक्षा साचलेलं पाणी वाईट, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड उभ्या उभ्या गुदमरतं. बहुतेक झाडं मेली. ऑक्टोबर १९९९ ला बाग पुन्हा उघडली. तेव्हाचं फुटेज आमच्याकडे नाही.

एप्रिल ते ऑक्टोबर बाग चालू असते, तिकीट काढावं लागतं, हिवाळ्यात येऊ नका, गेटवरूनच परत जाल. वीकेंडला गर्दी, पुलावर फोटोसाठी लाइन, आम्हीपण लाइनीतच होतो म्हणा.

आणि हा शिडीवरचा माणूस. चेहरा दाखवू नका म्हणाला म्हणून पाठमोरा. आम्ही आलो तेव्हा या एका पाइनवर कात्री चालवत होता. दोन तासांनी निघालो तेव्हाही तोच पाइन, फक्त शिडी दुसऱ्या बाजूला लागली होती.

(कात्रीचा आवाज, पाण्याचा आवाज)