दोन्ही रविवार त्यांचेच

[दृश्य : हिरव्या-करड्या डोंगरउतारावरून सरकत जाणारा कॅमेरा. खाली शेतं, दगडी बांध, मेंढ्या. मध्येच एक मैदान आणि इंग्रजी 'एच'च्या आकाराचे पांढरे गोलखांब.]

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टहून डेरीकडे निघालात की अर्ध्या वाटेवर मॅहरा नावाचं एक छोटं बाजारगाव लागतं. त्याच्या मागे कार्नटोहरचा डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी स्लॉटनील आहे. याला गाव म्हणणंही थोडं धाडसाचं. बाजारपेठ नाही, चौक नाही. उतारावर इकडेतिकडे विखुरलेली घरं, शेतं, एक शाळा आणि हे मैदान.

मैदान रॉबर्ट एमेट्स या क्लबचं आहे. स्थापना १९५३. इथे दोन खेळ खेळतात, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. खेळाडू बहुतेक तेच. एका रविवारी हातात काठी, पुढच्या रविवारी पायाशी चेंडू.

[दृश्य : सराव. काठ्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज.]

आधी खेळ पाहून घेऊ.

हर्लिंगची काठी अ‍ॅश झाडाच्या लाकडाची. खालचं टोक रुंद आणि चपटं, कारण ती बुंध्याच्या अशा भागातून काढतात जिथे खोड मुळाकडे वळतं. त्यामुळे लाकडाच्या रेषा वळणासोबत जातात आणि काठी सहजी मोडत नाही. चेंडू चामड्याचा, मुठीत मावेल एवढा. त्याला स्लिटर म्हणतात. तो जमिनीवर मारता येतो, हवेतल्या हवेत मारता येतो, झेलून हातात घेता येतो आणि काठीच्या टोकावर तोलत पळताही येतं. हातात धरून मात्र चार पावलांच्या पुढे जायचं नाही. हे सगळं एकाच वेळी, एकमेकांच्या अंगावर धावत जाऊन. हेल्मेट सक्तीचं झालं ते २०१० साली. त्याआधी उघड्या डोक्याने खेळणारे कमी नव्हते, हे ऐकून आपल्यालाच कसंतरी होतं.

गेलिक फुटबॉलमध्ये काठी नाही. चेंडू गोल, हातात धरता येतो. चार पावलं झाली की एकतर तो जमिनीवर टप्पा मारून परत घ्यायचा, नाहीतर पायाच्या बोटांनी उडवून पुन्हा हातात घ्यायचा. सलग दोनदा टप्पा चालत नाही.

दोन्ही खेळांत पंधरा-पंधरा खेळाडू, आणि गोलखांब तेच. चेंडू आडव्या दांडीखालून जाळीत गेला की गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला की एक गुण; फुटबॉलमध्ये २०२५पासून लांबून, चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. म्हणून इथला स्कोअर दोन आकड्यांत सांगतात. '१-९' म्हणजे एक गोल आणि नऊ गुण, एकूण बारा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. थर्ल्समधलं हॉटेल.]

हे खेळ जुने आहेत, पण त्यांची आजची शिस्त १८८४ सालची. त्या वर्षी १ नोव्हेंबरला टिपेररी परगण्यातल्या थर्ल्स गावी, हेझ हॉटेलात, मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन यांच्यासह मूठभर माणसं जमली आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन उभी राहिली. सगळे तिला जीएए म्हणतात. आयर्लंडवर तेव्हा ब्रिटिश राज्य होतं. क्रिकेट आणि रग्बीच्या पुढे आपले खेळ मरू द्यायचे नाहीत, हा त्या बैठकीचा उघड हेतू.

जीएएची दोन तत्त्वं आजही टिकून आहेत. एक, खेळाडूला पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार माणसांसमोर खेळणारा मुलगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा बांधकामावर हजर असतो. दोन, आपण जिथले तिथल्याच क्लबकडून खेळायचं. चांगला संघ बघून उठून जाता येत नाही. गावाला जे पोरं-पोरी मिळतात, त्यांच्यावरच भागवायचं.

स्लॉटनीलची सगळी गोष्ट या दुसऱ्या नियमातून निघते. माणसंच इतकी कमी, की हर्लिंगचा वेगळा आणि फुटबॉलचा वेगळा असे दोन संघ काढणं परवडत नाही. मोठ्या क्लबात मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की त्याला एक खेळ निवडायला लावतात. इथे कुणी निवडलं, तर दुसरा संघ त्याच दिवशी मोडेल.

[दृश्य : क्लबच्या भिंतीवर एमेटचं चित्र.]

क्लबला नाव दिलंय रॉबर्ट एमेटचं. १८०३ साली डब्लिनमध्ये फसलेल्या उठावाचा हा तरुण नेता. वय पंचवीस. सप्टेंबरमध्ये त्याला फाशी दिलं. माझा देश स्वतंत्र राष्ट्रांच्या रांगेत बसेपर्यंत माझ्या थडग्यावर काही लिहू नका, असं तो न्यायालयात म्हणाला होता. आणि शेजारच्या मॅहरातल्या क्लबचं नाव? वॉटी ग्रॅहम्स, ग्लेन. हा ग्रॅहम १७९८च्या बंडातला. त्याचा मॅहरातच शिरच्छेद झाला. म्हणजे दोन शेजारी क्लब, कट्टर प्रतिस्पर्धी, आणि दोघांच्याही जर्सीवर मारलेल्या माणसाचं नाव. गंमत अशी की हे क्लब आज कॅथलिक समाजाचे मानले जातात, पण ग्रॅहम प्रेस्बिटेरियन होता आणि एमेटही प्रोटेस्टंट. उत्तर आयर्लंडचा इतिहास आपल्याला वाटतो तेवढ्या सरळ दोन रांगांत उभा राहत नाही.

या भागात क्लब म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. कोल्हापुरातल्या पेठेत तालमीला जो मान आहे, तसंच काहीसं. कुस्ती निमित्त, बाकी सगळं तिथेच. पण इथे त्या मानाची किंमतही मोजावी लागली आहे. स्लॉटनीलपासून फार लांब नसलेल्या बेलाही गावी, १२ मे १९९७च्या रात्री, वुल्फ टोन्स क्लबचे अध्यक्ष शॉन ब्राऊन मैदानाचं फाटक बंद करत होते. ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या लॉयलिस्ट बंदूकधाऱ्यांनी त्यांना तिथून उचललं आणि नंतर गोळ्या घातल्या. क्लबचं फाटक बंद करणं, हे इतकं साधं काम. त्या खुनाच्या चौकशीसाठी त्यांचं कुटुंब अजून न्यायालयाची दारं ठोठावतं आहे.

[थोडा वेळ निवेदन नाही. मैदानावर लहान मुलामुलींचा सराव.]

स्लॉटनील ज्या परगण्यात येतं, तो डेरी हा फुटबॉलचा परगणा. १९९३ साली डेरीने अखिल आयर्लंड फुटबॉल चषक जिंकला, आजवरचा एकुलता एक. हर्लिंगचं खरं राज्य दक्षिणेत, किल्केनी, कॉर्क, टिपेररीकडे. उत्तरेत हर्लिंग जपणारी ठिकाणं बोटांवर मोजण्यासारखी, आणि स्लॉटनील त्यांतलं एक. इथे ते जपलं जाण्यात थॉमस कॅसिडी या माणसाचा वाटा मोठा. हर्लिंग आणि कमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग, दोन्हींसाठी त्यांनी आयुष्य घातलं. २०१६च्या शरद ऋतूत ते वारले. नेमक्या त्याच हंगामात त्यांचं काम फळाला आलं.

त्या वर्षी काय झालं, ते सावकाश ऐका.

आयर्लंडचे चार प्रांत. आधी परगण्यातली स्पर्धा जिंकायची, मग प्रांताची, मग अखिल आयर्लंड. २०१६ साली स्लॉटनीलने उत्तरेच्या अल्स्टर प्रांताचा हर्लिंगचा क्लब चषक जिंकला. डेरीतल्या कुठल्याही क्लबला हे आधी जमलं नव्हतं. अँट्रिममधल्या लॉकगीलला त्यांनी हरवलं, आणि अँट्रिम म्हणजे उत्तरेतलं हर्लिंगचं माहेर. मग त्याच पोरांनी काठ्या ठेवल्या आणि फुटबॉलचा अल्स्टर चषक आणला. आणि मुलींनी कमोगीचा. एकाच हंगामात प्रांताचे तिन्ही चषक एका डोंगरउतारावर. २०१७ साली पुन्हा तिन्ही.

हे घडवायला डावपेचांपेक्षा कॅलेंडर जास्त लागतं. फुटबॉलचे प्रशिक्षक मिकी मोरन. हर्लिंगचे मायकेल मॅकशेन, अँट्रिममधल्या बॅलिकॅसलचे. दोघांना हवी असलेली माणसं तीच. मोठ्या क्लबांमध्ये असे दोन प्रशिक्षक एकमेकांशी बोलायचे बंद होतात. इथे ठरलं होतं की पुढचा सामना ज्या खेळाचा, त्या आठवड्याचा सराव त्याचा. मोरन यांच्याबद्दल आणखी एक. हे गृहस्थ मूळचे शेजारच्या ग्लेनचे. म्हणजे त्या 'दुसऱ्या' क्लबचे. त्यांच्या गावात यावर काय काय बोललं गेलं असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी.

[दृश्य : ड्रेसिंग रूम. एका बाकावर हर्लिंगची काठी आणि फुटबॉल शेजारी शेजारी.]

या संघाचा चेहरा म्हणजे ख्रिसी मकेग. हा खेळाडू एकेकाळी ऑस्ट्रेलियात सिडनी स्वान्सकडे होता. तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये पगार मिळतो, नाव मिळतं. तो परत आला आणि दोन्ही खेळ खेळू लागला, फुकट. त्याच्या बरोबरीचा ब्रेंडन रॉजर्सही तसाच, दोन्हीकडे. डेरी परगण्याच्या फुटबॉल संघात हे दोघं प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम खेळाडूंना जखडून ठेवायचे. त्यातली किती चपळाई हर्लिंगमधून आली, हे मोजता येत नाही. पण स्लिटरच्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना फुटबॉल मोठा आणि संथ दिसत असणार, एवढं म्हणायला हरकत नाही.

आणि तरीही पुरुषांना अखिल आयर्लंड चषक मिळाला नाही. २०१५च्या फुटबॉल अंतिम सामन्यात गॉलवेच्या कॉरोफिनने त्यांना सहज हरवलं. २०१७ साली १७ मार्चला, सेंट पॅट्रिक डेच्या दिवशी, क्रोक पार्कवर, समोर केरीचा डॉक्टर क्रोक्स. पहिल्या अर्ध्यातच स्लॉटनीलच्या एकाला लाल कार्ड मिळालं आणि दुसरा अर्धा चौदा जणांनी काढला. शेवटी १-९ विरुद्ध १-७. आता हिशेब तुम्हीच करा. दोन गुण.

बातम्या बहुधा इथे थांबतात. 'थोडक्यात हुकलं' असं काहीतरी म्हणतात. आणि इथेच मला त्या बातम्यांशी भांडायचं आहे. कारण त्याच महिन्यात स्लॉटनीलकडे अखिल आयर्लंड चषक आलेला होता.

[दृश्य : क्रोक पार्क. मरून जर्सीतल्या मुली, हातात काठ्या.]

कमोगी म्हणजे महिलांचं हर्लिंग. काठी तीच, स्लिटर थोडा लहान. मार्च २०१७मध्ये स्लॉटनीलच्या मुलींनी गॉलवेच्या सार्सफील्ड्सना हरवून अखिल आयर्लंड क्लब चषक जिंकला. २०१८ साली पुन्हा त्याच सार्सफील्ड्सना. २०१९ साली वेक्सफर्डच्या सेंट मार्टिन्सना. सलग तीन. संघात थॉमस कॅसिडींच्या मुली होत्या. त्यांतलीच एक, ईफा नी खाशिदा, कर्णधार.

कमोगीची संघटना जीएएपासून आजही वेगळी आहे, १९०४ सालापासून. जीएए, कमोगी आणि महिलांचं गेलिक फुटबॉल अशा तिन्ही संघटना एका छताखाली आणायचं २०२७पर्यंतचं उद्दिष्ट आता ठरलंय. कागद, समित्या, मसुदे चालू आहेत. डोंगराखालच्या या मैदानाला त्याची वाट पाहावी लागली नाही. इथे जागाच एक आहे. मुलगे, मुली, काठी, फुटबॉल, सगळ्यांना त्याच गवतावर वेळ वाटून घ्यावी लागते.

[दृश्य : आयरिश भाषेतल्या पाट्या. शाळेचं पटांगण. 'अन कार्न' केंद्राची इमारत.]

ईफाचं नाव आयरिश पद्धतीने लिहिलेलं तुमच्या लक्षात आलं असेल. हेही या जागेतूनच आलं. या भागात आयरिश भाषा बोलण्यातून जवळपास गेली होती. १९९०च्या दशकात कार्नटोहर परिसरातल्या लोकांनी ठरवलं की ती परत आणायची, आणि सुरुवात बालवाडीपासून केली. मग प्राथमिक शाळा आली, मग 'अन कार्न' नावाचं सामुदायिक केंद्र. क्लबने ही जबाबदारी स्वतःची मानली. लहान मुलांच्या सरावात सूचना आयरिशमध्ये दिल्या जातात, क्लबच्या पाट्या आयरिशमध्ये आहेत. बालवाडीत आयरिश शिकलेली पिढी पुढे क्रोक पार्कवर खेळली. भाषेच्या चळवळी बहुतेक वेळा परिसंवादात राहतात. इथे ती 'पास दे!' आणि 'मागे ये!'पर्यंत पोचली, आणि माझ्या मते म्हणूनच टिकली.

[दृश्य : पावसात सामना. काठावर छत्र्या, चहाचे थर्मास.]

पुढची वर्षं सरळ गेली नाहीत. डेरीतली हर्लिंगची स्पर्धा स्लॉटनील २०१३पासून दहाहून अधिक वर्षं सलग जिंकत आला आहे. इतकी, की आता त्या निकालाची बातमी होत नाही. अल्स्टरही पुन्हा पुन्हा जिंकलं, २०२४ साली तर पोर्टाफेरीला हरवून. पण अखिल आयर्लंडच्या उपांत्य फेरीची भिंत हर्लिंगमध्ये अजून फुटलेली नाही. २०२४च्या डिसेंबरमध्ये कॉर्कच्या सार्सफील्ड्सने तिथेच अडवलं. दक्षिणेतल्या त्या संघांचे खेळाडू वर्षभर हर्लिंगच खेळतात. इथल्यांचं अर्धं वर्ष फुटबॉलमध्ये जातं. हा फरक भरून निघत नाही आणि तो भरून काढायला कुणी फुटबॉल सोडणार, असंही दिसत नाही.

फुटबॉलमध्ये तर वेगळाच प्रकार झाला. शेजारच्या ग्लेनने २०२१पर्यंत डेरीची सीनियर स्पर्धा एकदाही जिंकली नव्हती. मग ते सुटले. जानेवारी २०२४मध्ये, क्रोक पार्कवर, रॉसकॉमनच्या सेंट ब्रिजिड्सना हरवून ग्लेनने अखिल आयर्लंड फुटबॉल चषक मॅहराला आणला. जो चषक स्लॉटनीलच्या हातून दोनदा निसटला, तो काही मैलांवर, शेजाऱ्यांच्या घरी. स्लॉटनीलच्या लोकांनी अभिनंदन केलं. मनापासून होतं का, ते त्यांना विचारू नका.

त्यामुळे डेरीच्या स्पर्धेत हे दोघे समोर आले की मैदानाभोवती जागा मिळत नाही. ग्लेनचा संघ त्या सामन्यासाठी आठवडाभर ताजातवाना होऊन उतरतो. स्लॉटनीलच्या निम्म्याअधिक पोरांनी आदल्याच रविवारी हर्लिंगचा सामना खेळलेला असतो.