गिनीपिगचं पिल्लू सुकं गवत खात नाही? आधी पेलेटची वाटी बघा

(टेबलावर सुक्या गवताचे तीन ढीग, पेलेटची वाटी, किचनमधला डिजिटल काटा)

नमस्कार. पिल्लू घरी येऊन आठवडा झाला. फ्रीजचं दार वाजलं की शीळ घालतं, काकडी संपवतं, कोथिंबिरीवर तुटून पडतं, पेलेटची, म्हणजे दाबून बनवलेल्या खाद्याच्या गोळ्यांची, वाटी चाटूनपुसून साफ करतं. सुकं गवत मात्र कोपऱ्यात तसंच पडून राहतं. मग घरात ठरतं, "आमच्याला गवत आवडत नाही." बहुतेक वेळा खरी गोष्ट अशी असते की गवतापर्यंत पोचायच्या आतच त्याचं पोट भरलेलं असतं.

दुकानात सुक्या गवताला 'हे' (इंग्रजीतलं hay) म्हणतात. बोलताना घोटाळा नको म्हणून मी सुकं गवतच म्हणते.

गवताचा इतका आग्रह का, ते तोंडात बघूया. गिनीपिगला 20 दात असतात. पटाशीचे चार, बाकी सोळा दाढा, आणि हे सगळे जन्मभर वाढत राहतात. पेलेट दाढेखाली लगेच चुरतो. गवताची काडी चुरत नाही, ती दळावी लागते. (जवळून: पिल्लू काडी खाताना) जबडा बघा. पटाशीच्या दातांनी काडी धरली, आता ती तशीच उभी आत सरकतेय, आणि जबडा जात्यासारखा फिरतोय. याच फिरण्यानं दाढा झिजतात. त्या झिजल्या नाहीत तर खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकतात आणि जिभेवर कमान धरतात. मग पिल्लू भुकेलेलं असतं, खाण्यापाशी येतं, तुकडा उचलतं आणि टाकून देतं. हनुवटी लाळेनं ओली राहते. पुढचे दात ठीक दिसतात म्हणून आपण निर्धास्त असतो, पण दाढा खूप आत असतात. उपकरण आत घातल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

दुसरं कारण पोट. गिनीपिगचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, मोठं असतं, आणि त्यातले जिवाणू तंतूंवर जगतात. जाड तंतू आला नाही की आतडं मंदावतं, वायू धरतो, पोट फुगतं. म्हणून दिवसाच्या खाण्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग गवताचा हवा. डोळ्यांनी मोजायचं तर रोज पिल्लाच्या अंगाएवढी मोकळी जुडी.

आता पिल्लांची खास बाब. गिनीपिगची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे ठेवून, दात घेऊनच जन्मतात. आईचं दूध तीन आठवडे चालतं, पण पहिल्या एक-दोन दिवसांतच ती आईशेजारी बसून काड्या कुरतडू लागतात. काय खायचं हे त्या दिवसांत ठरतं, आणि पुढे अनोळखी चवीला ती सहजी तोंड लावत नाहीत. दुकानात ज्याला गहू, हरभरे आणि काकडीच मिळाली, त्याला गवत म्हणजे अंथरूण वाटणार. ती त्याची खोड नाही, ओळखच झालेली नाही. म्हणून पिल्लू आणताना विचारून घ्या: आत्तापर्यंत काय देत होता? तेच खाणं आठवडाभराचं सोबत आणा आणि रोज थोडं थोडं कमी करा. एका रात्रीत सगळं बदललं तर पोट बिघडतं.

आता वाटी. (पेलेटची वाटी पुढे सरकवते) ही दिवसभर भरलेली असेल तर गवताला जागाच नाही. दिवसाला दोन सपाट टेबलस्पून पेलेट, एक सकाळी, एक संध्याकाळी. तासाभरात उरलेलं उचला. बिया, सुका मेवा, रंगीत तुकडे घातलेलं मिक्स तर आणूच नका. पिल्लू त्यातलं गोड तेवढं वेचतं. आणि कृपा करून "उपाशी ठेवलं की झक मारून गवत खाईल" असं करू नका. गिनीपिगचं पोट रिकामं राहणं धोक्याचं असतं. पेलेट कमी करत असाल तर रोज त्याच वेळी वजन घ्या. वाढत्या पिल्लाचं वजन आठवड्याला स्पष्ट चढायला हवं. जागच्या जागी थांबलं तर पेलेट पुन्हा वाढवा आणि कारण शोधा.

पाण्याची बाटली तपासा. कोरडं गवत पाण्याशिवाय उतरत नाही. नळीचं तोंड पिल्लाच्या तोंडाच्या उंचीला हवं, आणि टोकाचा गोळा बोटानं दाबून पाणी येतंय का ते रोज बघायचं. गोळा अडकला की पिल्लू आधी गवत सोडतं. काकडीतून पाणी मिळत असतं, म्हणून ती खात राहतं, आणि आपल्याला वाटतं नखरे करतंय.

तिसरी तपासणी 'क' जीवनसत्त्वाची. माणसासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. कमी पडलं की सांधे दुखतात, हिरड्या दुखतात, आणि दुखऱ्या तोंडानं कोण काडी चावेल? वाढत्या पिल्लाला किलोमागे दिवसाला साधारण 30 मिलिग्रॅम लागतं. म्हणजे 300 ग्रॅमच्या पिल्लाला 9 मिलिग्रॅम. हिरव्या ढोबळी मिरचीच्या 100 ग्रॅममध्ये ते 80 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे बोटाएवढा 12 ते 15 ग्रॅमचा काप पुरतो. पाण्यात थेंब घालू नका. ते पाण्यात लवकर नासतं आणि चव बदलली म्हणून पिल्लू पाणी कमी पितं.

एवढं जागेवर असेल तर आता गवत खायला लावायचं. गवत कुठे ठेवलंय यावर निम्मं ठरतं. जाळीला उंच अडकवलेली टोपली मोठ्यांसाठी ठीक, पण पिल्लू मान वर करून ओढत बसत नाही. ते लपायच्या घराच्या तोंडाशी आणि जिथे जास्त लेंड्या पडतात तिथे बसून खातं, तेव्हा ढीग तिथेच, जमिनीवर. अडकवायचंच असेल तर तळ जमिनीपासून चार बोटं. तारेचा गोल गवत-चेंडू दुकानात छान दिसतो, पण त्यात पिल्लाचं डोकं अडकतं. घेऊ नका. बुटाच्या खोक्याला दोन बाजूंनी वाटीएवढी भोकं पाडा आणि आत गवत भरा. पिल्लू आत शिरून बसतं, लपतं, लपता लपता खातं. टिश्यूची नळी वापरत असाल तर ती आधी उभी चिरून घ्या, म्हणजे मान अडकली तरी नळी उघडते.

सकाळी एकदाच भलाथोरला ढीग टाकू नका. मूठ मूठ गवत, दिवसातून तीन-चार वेळा. टाकताना दोन्ही हातांनी मोकळं करा, म्हणजे वास उठतो आणि धूळ झडते. झटकायचं पिंजऱ्याबाहेर, कारण ती धूळ नाकात गेली की पिल्लू शिंकतं. पहाटे आणि संध्याकाळी ती सर्वात जागी असतात, तेव्हाची मूठ चुकवू नका. मुतलेलं गवत ती खात नाहीत, आणि बरोबर करतात. ते रोज काढा.

तरीही तोंड लावत नसेल तर ओळखीच्या चवीचा पूल बांधायचा. आपल्याकडे यासाठी सोन्यासारखी वस्तू आहे, दूर्वा. फुलबाजारात गणपतीसाठी जुड्या मिळतात, ती हरळीच. धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या, बोटभर लांबीच्या काड्या सुक्या गवतात विंचरल्यासारख्या मिसळा. पहिल्या दिवशी आठ-दहा काड्या. हिरवं शोधता शोधता सुकं तोंडात जातं. चार-पाच दिवसांनी दूर्वा कमी करत न्या. कोथिंबिरीचे देठही असेच चालतात, पण ते ढिगाच्या वर ठेवू नका, आत खोल दडवा. रस्त्याकडेचं, कुत्री फिरतात तिथलं किंवा फवारणी झालेलं गवत नको. लॉन कापायच्या मशीनचा चुराही नको, तो तासाभरात गरम होऊन आंबतो.

आणि एकटं पिल्लू असेल तर सोबत द्या. गवत खाणाऱ्या मोठ्या गिनीपिगशेजारी बसलेलं पिल्लू दोन दिवसांत जे शिकतं, ते आपण दोन आठवड्यांत शिकवू शकत नाही. फक्त नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की त्याला आईपासून आणि बहिणींपासून वेगळं करून शांत मोठ्या नराजवळ ठेवा, नाहीतर त्याच वयात पुढची गर्भधारणा होते.

(तीन ढिगांकडे) गवत कोणतं? हा पहिला ढीग टिमोथीचा. आपल्याकडे बहुतेक आयात केलेलं येतं, म्हणून महाग. पिल्लाला मऊ, पानं जास्त असलेलं निवडा. दुसरा ढीग आपल्या डोंगरावरच्या गवताचा. मारवेल, पवना ही गवतं फुलोऱ्यापूर्वी कापून वाळवली असतील तर उत्तम चालतात. पण दिवाळीनंतर डोंगरावर जे पिवळं उभं असतं त्यात कुसळं असतात. ती डोळ्यात आणि हिरडीत रुततात. मुठीत घेऊन उलट दिशेनं हात फिरवा, टोचलं तर ते गवत बाद.

तिसरा ढीग बघून खूप जण फसतात, हा भाताचा पेंढा. गाय खाते म्हणून गिनीपिगलाही दिला जातो. दाणा काढून घेतल्यावर उरलेल्या या काडात पोषण जवळजवळ नाही. कडब्याचंही तेच, शिवाय तो पिल्लाच्या तोंडाला फार जाड. गोठ्यातला चारा मागून आणत असाल तर त्यावर युरियाची प्रक्रिया केली आहे का ते विचारा. मूरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, अजिबात नाही. ज्वारीचे कोवळे फुटवे हिरवे देऊ नका, त्यांत विषारी आम्ल असतं. जनावरांना किराळ लागते ती त्यामुळेच.

गवत चांगलं कसं ओळखायचं? हिरवट रंग, चहापत्तीच्या डब्यासारखा गोडसर वास, झटकल्यावर धूर न उडणं. कुबट वास, पांढरे-काळे ठिपके, मुठीत ओलसर लागणं, यातलं एकही असेल तर अख्खी पिशवी टाका. वरचं काढून खालचं वापरू नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. हवाबंद प्लॅस्टिकमध्ये दमट गवत दोन-चार दिवसांत बुरसतं. सुती अभ्र्यात भरा, स्टुलावर ठेवा, भिंतीपासून लांब, आणि पावसाळ्यात छोटी पाकिटंच घ्या.

खातंय की नुसतं पसरवतंय? काट्यावर 50 ग्रॅम मोजून टाका, दुसऱ्या दिवशी उरलेलं आणि सांडलेलं कोरडं गवत मोजा. त्यापेक्षा सोपी खूण लेंड्या. एकसारख्या, लांबट, दोन्ही टोकांना गोल, बोटानं दाबल्यावर आत गवताचा चुरा. बारीक, एका टोकाला निमुळत्या झाल्या तर खाणं कमी पडतंय. मऊ आणि चिकट असतील तर भाजी कमी करा.

पिल्लानं बारा तास काहीच खाल्लं नाही, किंवा लेंड्या थांबल्या, पोट ढोलकीसारखं लागलं, तर हे सगळं बाजूला ठेवून छोटे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. घरातलं ॲमॉक्सिसिलिन देऊ नका. ते गिनीपिगच्या आतड्यातले जिवाणू मारतं आणि प्राणी दगावतो.

शेवटी लसूणघासाबद्दल. दुकानातलं अल्फाल्फा म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचा लसूणघासच. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, म्हणून सहा महिन्यांखालच्या पिल्लाला तो चालतो, आणि आवडतोही फार. अडचण तिथेच आहे. नुसत्या लसूणघासावर वाढलेलं पिल्लू पुढे साध्या गवताकडे बघत नाही, आणि मोठेपणी तेच कॅल्शियम मूत्राशयात खडे करतं. म्हणून पहिल्या दिवसापासून साधं गवत अमर्याद, आणि वाळवलेला लसूणघास वर चिमूटभर. ताजा ओला लसूणघास पोट फुगवतो, आणलात तर आधी सावलीत कडकडीत वाळवा, देठ वाकवल्यावर कट्‌ आवाज आला पाहिजे. पाचव्या महिन्यापासून दर आठवड्याला थोडा कमी करत सहाव्याच्या शेवटी बंद करा.