हा विंगर आपल्या संघाचा आहे का?

(दृश्य : सोलापूर. संध्याकाळचं मैदान, कडक मुरूम, फक्कीच्या रेघा. शंकूंच्या रांगेतून चेंडू काढणारी मुलं.)

शाळा-कॉलेजच्या फुटबॉल संघाची निवड बहुतेक ठिकाणी अशीच होते. शंकू लावायचे, मुलांनी त्यातून चेंडू काढायचा आणि सगळ्यात चपळ मुलाच्या नावापुढे 'विंगर', म्हणजे कडेने हल्ला करणारा, असं लिहायचं. पुढे सामन्यात तोच मुलगा दोघांना चकवतो, टाळ्या पडतात, पण गोल काही होत नाही. त्याच्यात काही कमी नसतं. शंकूंमधून चेंडू काढताना पास कधी द्यायचा आणि कुणाला, हे ठरवावं लागत नाही. सामन्यात सगळा प्रश्न तेवढाच असतो.

म्हणून विंगर बघायच्या आधी आपला संघ बघायचा. मागच्या पाच-सहा सामन्यांतले गोल आणि हुकलेल्या संधी वहीत उतरवा. चेंडू आपल्याकडे कुठे आला? बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, कुठल्या बाजूने गेला? उंच गेला की जमिनीवरून? शेवटचा फटका कुणाचा? वीसेक नोंदी झाल्या की संघाची सवय दिसायला लागते. स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढचा गोल करणारा, उंच असेल, डोक्याने हेडर मारत असेल, तर त्याला बाहेरून क्रॉस, म्हणजे कडेवरून बॉक्समध्ये टाकलेले पास, हवेत. तो ठेंगणा आणि चपळ असेल, तर उंच क्रॉस बचावपटूंच्याच डोक्यावर जातात. त्याला गोललाईनजवळून मागे काढलेला, जमिनीलगतचा कटबॅक लागतो.

(दृश्य : फळ्यावर मैदानाची आकृती. उजव्या कडेला एक ठिपका.)

आता पायाचा विचार. उजव्या पायाचा विंगर उजवीकडे खेळला, तर बाहेरून गोललाईन गाठून क्रॉस टाकणं त्याला सोपं जातं. डाव्या पायाचा उजवीकडे आला, तर तो आत कापतो आणि फटका मारतो. दोन्ही प्रकार उत्तम आहेत, मात्र भोवतीची माणसं वेगवेगळी लागतात. २०१७-१८ च्या हंगामात मँचेस्टर सिटीने इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १०० गुण आणि १०६ गोल केले. त्या संघात डावखुरा सॅने बहुतेक वेळा डाव्या कडेला आणि उजव्या पायाचा स्टर्लिंग उजव्या कडेला असे. दोघं रेषेला चिकटून राहिले, की मधल्या खेळाडूंना मोकळी जागा मिळे. जर्मनीच्या बायर्न म्युनिकचा रॉबेन डावखुरा, पण उजवीकडे खेळायचा. तो आत वळला की बाहेरची मोकळी जागा त्याच्या मागचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, लाम धावत घ्यायचा. बचावपटूने कुणाला अडवायचं? आपल्या भारतीय संघातला लालियानझुआला छांगटेही डावखुरा आणि उजव्या विंगवरचा.

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते. रॉबेनसारखं आत कापणारा मुलगा घेतला जातो, पण मागचा फुलबॅक पुढे जात नाही, कारण त्याला मध्यरेषेपलीकडे जायची परवानगीच नसते. मग उजवी कड रिकामी पडते, समोरचा बचाव मधे गोळा होतो आणि विंगर तिघांच्या घोळक्यात चेंडू घालवतो. बाहेरून लोक म्हणतात, हा स्वार्थी खेळतो. खरं तर पास द्यायला बाहेर कुणी उभंच नसतं.

मैदानाची रुंदीही मोजा. बॉक्सची रुंदी ४०.३२ मीटर ठरलेली आहे. मैदान ६८ मीटर रुंद असेल, तर बॉक्सच्या बाजूला जवळजवळ १४ मीटर उरतात. शाळेचं मैदान ५५ मीटरचं असेल, तर उरतात जेमतेम ७. एवढ्या पट्टीत पहिल्या बचावपटूला चकवलं, तरी मदतीला आलेला दुसरा समोर हजर असतो. रेषेवरून पळणारा चांगला विंगर अशा मैदानावर सामान्य वाटतो. त्याला तिथेच बाद करू नका.

मुरमाचंही तसंच. कोरड्या, टणक मैदानावर चेंडू उसळतो आणि लांब पळतो. बचावामागे टाकलेला लांब पास थेट गोललाईनबाहेर जातो, कटबॅक नडगीएवढा उडतो. इथे वेगापेक्षा पहिला स्पर्श महत्त्वाचा. उसळता चेंडू पायाखाली घ्यायला दोन स्पर्श जास्त लागले, की बचाव जागेवर येऊन बसतो.

(दृश्य : सामना सुरू. कॅमेरा चेंडूवर नाही, पलीकडच्या विंगरवर.)

आता प्रत्यक्ष बघणं. निदान दोन सामने बघा आणि दुसऱ्या सामन्यात चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू डावीकडे असताना उजवा विंगर काय करतो? फार पोस्टकडे, म्हणजे चेंडूपासून लांबच्या गोलखांबाकडे, धावतो, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? डावीकडून आलेला क्रॉस सगळ्यांना ओलांडून जातो, तेव्हा गोल करायची जागा तीच असते. चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तो वळून समोरच्यावर दबाव टाकतो का? समोरच्याच्या अर्ध्या मैदानात जाऊन असा दबाव (प्रेसिंग) टाकणाऱ्या संघात हे न करणारा विंगर चालत नाही, मग ड्रिबल कितीही सुंदर असो.

कागदावर चार रकाने पुरतात : चेंडू कुठे घेतला, पायाशी घेतला की मोकळ्या जागेत, पुढे काय केलं, शेवट काय झाला. काउंटरवर, म्हणजे चेंडू हिसकावून झटपट उलटा हल्ला करण्यावर, जगणाऱ्या संघाला मोकळ्या जागेत धावणारा हवा. सगळे चेंडू पायाशी मागणारा तिथे हल्ल्याचा वेग मारतो.

एक सावधगिरी. विंगर जॅक ग्रीलिश २०२१ मध्ये १० कोटी पौंडांना ॲस्टन व्हिलातून सिटीत गेला. व्हिलात तो मनासारखा फिरायचा, सिटीत त्याला कड धरून चेंडू राखायचा होता. पहिल्या हंगामात लीगमध्ये त्याचे गोल फक्त ३. पुढच्याच हंगामात सिटीने तीन मोठे किताब जिंकले आणि तो त्या संघात नियमित होता. जुळायला वेळ लागतो, तेव्हा दोन सामन्यांतले गोल मोजून निकाल देऊ नका.

(दृश्य : आठ विरुद्ध आठ.)

चाचणी घ्यायचीच, तर शंकू काढा आणि आठ-आठ जणांचा सामना लावा. १२ मिनिटांचे तीन डाव. विंगरच्या मागे आपलाच फुलबॅक आणि पुढे आपलाच स्ट्रायकर द्या. दुसऱ्या डावात त्याची बाजू बदला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो, म्हणून चाचणी सकाळी लवकर घ्या, दर डावानंतर पाणी द्या. तिसऱ्या डावाच्या शेवटच्या चार मिनिटांत वही उघडी ठेवा. पाय जड झाल्यावर तो मान वर करून बॉक्समध्ये बघतो, की खाली मान घालून चेंडू नुसता ढकलतो, ते तिथे दिसतं.