हसलात की पुस्तक शेजारच्याला

हे जे सहा जण सतरंजीवर गोल करून बसलेत ना, मधे चिवड्याचं ताट, ते आम्ही. महिन्यातून एकदा शनिवारी डोंबिवलीत एका मित्राच्या घरी जमतो आणि मोठ्याने पुस्तक वाचतो. चांगलं पुस्तक नाही हं, भंगार. चांगली ज्याची त्याने घरी वाचावीत, त्याला सहा माणसं कशाला लागतात.

नियम सोपाय. जसं छापलंय तसंच वाचायचं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि हसू फुटलं की गपचूप पुस्तक शेजारच्याला. बस्स. पण करून बघा एकदा, शाळेत प्रार्थनेच्या वेळी हसू दाबताना पोटात जे व्हायचं ना, सेम तेच होतं, आणि समोरचा ओठ चावून बसलाय हे दिसलं की मग संपलंच सगळं.

हा खेळ आमच्या डोक्यातून आलेला नाही. ऑक्सफर्डमध्ये इंकलिंग्ज नावाचं एक टोळकं होतं, ‘नार्निया’वाले सी. एस. लुईस, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले टॉल्किन वगैरे लेखक मंडळी, स्वतःचं लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायची. तर ही एवढी मोठी मोठी माणसं पैज लावायची की अमांडा रॉस न हसता जास्तीत जास्त वेळ कोण वाचतं.

आता ही बाई कोण? अमांडा मॅकिट्रिक रॉस. आयर्लंडच्या उत्तरेला लार्न नावाचं बंदराचं गाव आहे, तिथे ती शाळेत शिकवायला आली आणि तिथल्या स्टेशनमास्तरशी लग्न केलं. १८९७ साली तिची पहिली कादंबरी आली, ‘आयरीन इड्सली’. छपाईचा खर्च नवऱ्याने केला, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून. (इड्सली. इडली नाही. आमच्यातले दोघं पहिल्या दिवशी नावावरच आउट झालेत.)

बाईंची खासियत म्हणजे कुठल्याही गोष्टीला तिच्या नावाने हाक मारायचीच नाही. पायांना पाय म्हणायचं नाही, ‘हाडांचे आधार’ म्हणायचं. कोणी लाजत नाही, त्याला ‘संभ्रमाचा उष्ण हात’ लागतो. आणि अनुप्रास तर असा की एक अक्षर धरलं की ओळभर सोडायचंच नाही. तिच्या शेवटच्या कादंबरीत, जी ती गेल्यावर तीस वर्षांनी १९६९ ला छापली गेली, पात्रांची नावं म्हणजे नुसती भाजी मंडई आहे. लॉर्ड रास्पबेरी, त्याची बहीण चेरी, सर पीटर प्लम आणि लिली लेंटिल. लेंटिल म्हणजे मसूर. मसूरबाई!

बॅरी पेन नावाच्या एका विनोदी लेखकाने १८९८ मध्ये तिची यथेच्छ टिंगल करणारं परीक्षण लिहिलं, तर बाईंनी पुढच्या पुस्तकाला लांबलचक प्रस्तावनाच जोडली, त्यात त्याला खेकडा काय म्हटलं, काय नाही. हजार वर्षांनीही लोक माझ्याबद्दल बोलतील याची तिला खात्री होती. सव्वाशे तर झाली, आणि डोंबिवलीत आम्ही बोलतोय.

माझं मत सांगू? मुद्दाम वाईट लिहिलेल्याला ही मजा येत नाही. आमच्यातल्या एकाने एकदा स्वतः बसून भयाण कथा लिहून आणली होती, मेहनत घेतली होती बिचाऱ्याने, पण पाच मिनिटांत सगळे मोबाईल बघायला लागले. अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ काढली ती गोष्ट वेगळी, तिथे अत्रे डोळा मिचकावतायत आणि आपण त्यांच्यासोबत हसतो. इथे लिहिणाऱ्याने जीव ओतलेला लागतो.

आणि इथेच जरा घोळ आहे.

अमेरिकेत १९७० साली सायन्स फिक्शनवाल्या हौशी लोकांच्या एका मासिकात ‘द आय ऑफ आर्गॉन’ नावाची कथा आली. नायक ग्रिग्नर, तलवारवाला रानटी वीर. नाव उच्चारतानाच अर्धे लोक गळतात. त्यात एक रत्न आहे, शेंदरी रंगाचा पाचू. पाचू, शेंदरी! आणि त्याला पैलू आहेत असं लिहायचं होतं, तर इंग्रजी स्पेलिंग चुकल्यामुळे त्याला नळ आहेत. पाण्याचे. ही कथा पुढे कित्येक वर्षं तिकडच्या संमेलनांमध्ये रात्री उशिरा गोल बसून वाचली गेली, नियम आमचाच, म्हणजे आम्हीच तो तिथून उचललाय. झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरत राहिल्या. शेवटचं पान कधीतरी गळालं, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाला शेवटच माहीत नव्हता. २००५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत पूर्ण अंक सापडला.

लिहिणारा जिम थाइस, वय वर्षं सोळा. १९८४ मध्ये रेडिओवर त्याची मुलाखत झाली तेव्हा तो म्हणाला होता की लोक हसतात त्याचं वाईट वाटतं, आता परत काही लिहिणार नाही. पान सापडायच्या तीन वर्षं आधी तो गेला.

हे कळलं त्या शनिवारी वाचन झालंच नाही, नुसता चहा झाला आणि बरीच वादावादी. एक जण म्हणाली बंद करू. एक म्हणाला अरे पन्नास वर्षं वाचतायत लोक, किती चांगल्या लेखकांच्या नशिबात असतं हे. मिटलं नाही. ठरलं एवढंच की हयात लेखकाचं असेल तर नाव बाहेर सांगायचं नाही, म्हणून या व्हिडिओत आमच्या हातातल्या पुस्तकाचं कव्हर तुम्हाला धूसर दिसतंय. मराठी कादंबरी आहे, रद्दीवाल्याकडून वीस रुपयांना आणलेली, आणि पहिल्याच पानावर नायिकेचे केस ‘समुद्रासारखे खारट’ आहेत.

आता हा सीन बघा, मागच्या महिन्यातला. आम्ही सहाही जण दोन पानांत आउट. मित्राची आई चहाचा ट्रे घेऊन आली, म्हणाली द्या इकडे, काय एवढं खिदळताय. चष्मा लावला, पदर नीट केला आणि पोथी वाचतात तशा संथ आवाजात सुरुवात केली. खारट केस गेले. भर पावसातली बैलगाडीची शर्यत गेली. नायक कड्यावरून पडला आणि पुढच्याच ओळीत ऑफिसला गेला, तेही गेलं. आमच्या डोळ्यांतून पाणी, एक जण अक्षरशः बाल्कनीत पळाला, आणि काकूंचा आवाज जराही हलला नाही. अख्खं प्रकरण संपवलं, पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि वर बघून म्हणाल्या, “मग, त्या पोरीला बापाने घरात घेतलं की नाही शेवटी?”

पुस्तक सध्या त्यांच्याकडेच आहे.